फ्रीज बिघडला: स्वतः उघडावा, मेकॅनिक बोलवावा, कंपनीला कळवावे की नवा घ्यावा?

फ्रीज बंद पडला की निर्णयासाठी फार वेळ मिळत नाही. दार उघडले नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो, आणि मुंबईच्या मे महिन्यात त्यानंतर दूध, मासळी आणि भिजवलेले पीठ यांचा भरवसा राहत नाही. या घाईत बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते: जो मेकॅनिक पहिल्यांदा फोन उचलेल तो सांगेल ते मान्य केले जाते, किंवा जुना फ्रीज काढून टाकून हप्त्यांवर नवा आणला जातो. दोन्ही वेळा मूळ प्रश्न बाजूला राहतो, तो म्हणजे नेमके बिघडले काय. माझे मत असे आहे की दुरुस्ती कोणी करावी हे बिघाड गॅसच्या बंद नळीच्या आत आहे की बाहेर आहे यावर ठरते, आणि एवढी ओळख प्रत्येक घराने स्वतः करून घ्यावी, मग पुढचे काम कोणाच्याही हातून होवो.

फ्रीजच्या पोटात दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. पहिली गॅसची: गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर, गरम होणारी कॉइल, फिल्टर, केसासारखी बारीक कॅपिलरी नळी आणि थंड होणारी कॉइल हे सगळे वेल्डिंगने जोडून कायमचे बंद केलेले असते. दुसरी व्यवस्था त्या नळीच्या बाहेरची: प्लग, वायर, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोड (जास्त करंट आल्यास वीज तोडणारा भाग), तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, पंखा, हीटर, सेन्सर, सर्किट बोर्ड, दाराचे रबर आणि पाणी वाहून नेणारी नळी. पहिल्या व्यवस्थेला घरी हात लावू नये. दुसरीतली बरीच कामे काळजीपूर्वक वागणाऱ्या माणसाला जमतात. येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता ‘गॅस भरून देतो’ म्हणणारा मेकॅनिक त्याच बिघाडासाठी पुन्हा बोलवावा लागणार आहे.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. आतला दिवा लागतो, पण थंडावा नाही आणि मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येतो, ही फार नेहमीची तक्रार आहे. कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो, सुरू होऊ शकत नाही, जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो, असा त्या आवाजाचा अर्थ आहे. वीज जाऊन लगेच परत आली असेल तर हा आवाज थोडा वेळ येणे स्वाभाविक आहे, कारण नळीतला दाब दोन्हीकडे समान व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणून आधी प्लग काढून दहा मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा लावून पाहावे. तरीही ‘टक्’ सुरूच राहिले आणि फ्रीज इन्व्हर्टरचा (कॉम्प्रेसरचा वेग बोर्डावरून कमीजास्त होणारा) नसेल, तर प्लग काढून, फ्रीज भिंतीपासून ओढून, कॉम्प्रेसरच्या बाजूचे छोटे प्लास्टिकचे झाकण उघडावे. तीन पिनांवर बसलेला रिले सरळ ओढला की निघतो. तो कानाशी धरून हलवला आणि आत खडखड ऐकू आली, किंवा त्याला जळका वास येत असेल, तर आतली चकती फुटलेली असते. रिले काहीशे रुपयांत मिळतो, तर नव्या कॉम्प्रेसरचा खर्च अनेक हजारांत जातो. ‘कॉम्प्रेसर उडाला’ हे वाक्य ऐकल्यावर या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात असावे.

रिले ठीक असेल तर मल्टिमीटर, म्हणजे विजेची मोजमापे घेणारे छोटे यंत्र, लागतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो सहज मिळेल. साध्या कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधले रेझिस्टन्स जोडीजोडीने मोजावेत. दोन लहान आकड्यांची बेरीज जवळपास तिसऱ्या मोठ्या आकड्याइतकी आली आणि कोणत्याही पिनेचा कॉम्प्रेसरच्या पत्र्याशी संबंध दिसला नाही, तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची वेटोळी) शाबूत आहे असे मानायला हरकत नाही. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये मात्र हे गणित चालत नाही. तेथे तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात, रिले नसतो, आणि कॉम्प्रेसर मागच्या ड्राइव्ह बोर्डावरून चालतो. अशा कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्ट जोडून पाहणे म्हणजे तो जाळणे होय. शिवाय त्या बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो. म्हणून इन्व्हर्टर फ्रीजचे मागचे झाकण घरी उघडू नये, असाच माझा सल्ला आहे.

दुसरी ओळख डोळ्यांनी पटते, आणि या ठिकाणी लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रीजमध्ये वरचा कप्पा थंड आणि खालचा गरम अशी तक्रार आली की पुष्कळदा गॅसचे निदान होते. प्रत्यक्षात बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर निकामी झालेला असतो, आतली कॉइल बर्फाने पूर्ण बुजते आणि थंड हवा खाली पोचत नाही. याची चाचणी फुकट आहे. सामान शेजारी ठेवायला द्यावे आणि फ्रीज बंद करून दार पूर्ण दिवसभर उघडे ठेवावे. पुन्हा सुरू केल्यावर तो काही दिवस उत्तम चालला आणि मग तीच तक्रार परत आली, तर गॅस जागेवर आहे आणि दोष डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या व्यवस्थेचा आहे हे जवळपास नक्की. याउलट कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर बर्फ धरतो, बाकीची कॉइल कोरडी राहते आणि कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो, तेव्हा गॅस कमी असल्याची शंका रास्त ठरते. मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी त्या बर्फाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तो समोर ठेवल्यावर चर्चा अंदाजावर होत नाही.

मुंबईच्या घरांचे काही दोष बिघाड म्हणून गणले जातात, पण ते बिघाड नसतात. वन रूम किचनमध्ये फ्रीज दोन भिंतींच्या कोपऱ्यात दाबून बसवलेला असतो. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये गरम कॉइल बाजूच्या पत्र्याआड असते, तिला उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही, आणि लोक ‘बाजू तापतात’ म्हणून घाबरतात. बाजू कोमट लागणे हे यंत्र काम करत असल्याचे लक्षण आहे. त्यांना चार बोटे मोकळी जागा देणे हाच उपाय. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे बाहेरून थेंब जमतात, तेही बहुधा निरुपद्रवी असतात. दाराचे रबर सैल झाले असेल तर मात्र तीच दमट हवा आत शिरून बर्फ वाढवते. दारात नोट धरून दार लावावे. ती सहज ओढली गेली तर त्या जागी रबर धरत नाही. रबर कोमट पाण्याने आणि साबणाने पुसून घ्यावे, तरी बसत नसेल तर मॉडेल क्रमांक दाखवून नवे आणावे. समुद्राजवळच्या वस्त्यांत, वरळी, वर्सोवा किंवा मढच्या बाजूला, खाऱ्या हवेने मागचे पाइप आणि वेल्डिंगचे सांधे गंजतात, त्यामुळे तिथे गळतीची शक्यता मुळातच अधिक धरावी.

स्वतःच्या हाताने करण्यासारखी कामे यावरून कळतील: रबर, भाजीच्या ट्रेखाली पाणी साचवणारी तुंबलेली नळी कोमट पाण्याने मोकळी करणे, मागची धूळ काढणे, दिवा, दाराचा स्विच, साध्या फ्रीजचा रिले आणि ओव्हरलोड. खर्च सर्वांत कमी, आणि कोणाची वाट पाहावी लागत नाही. पण अटी कडक आहेत. प्लग काढल्याशिवाय काहीही उघडायचे नाही. पायाखालची फरशी कोरडी हवी. आणि जुन्या चाळींत जिथे सॉकेटला अर्थिंगच नाही, तिथे पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवावा, फ्रीजवाला नंतर. सुरीने बर्फ खरवडणे हा या सगळ्यातला सर्वांत महाग प्रकार आहे. एका दाराच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पातळ ॲल्युमिनिअमचा असतो आणि त्याच्याच पोटातून गॅस फिरतो. गिरगावातल्या आमच्या एका शेजारीण काकूंच्या फ्रीजला सुरीचे टोक लागले; ‘फुस्स’ असा आवाज आला आणि चांगला चालणारा फ्रीज त्या एका क्षणात गेला. बर्फाचा थर पाव इंचाचा झाला की डीफ्रॉस्टचे बटण दाबावे आणि बर्फ आपोआप सुटू द्यावा.

गॅसचे काम घरी का करू नये, याचे कारण केवळ अवजारे नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत घरगुती फ्रीजमध्ये आर-१३४ए हा गॅस सर्रास असे. तो पेट घेत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पर्यावरणाला सौम्य आहे, परंतु स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसच्या कुळातला आहे, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि पेटतो. फ्रीजमध्ये तो साधारण शंभर ग्रॅमच्या आतच भरलेला असला, तरी शेगडीपासून हातभर अंतरावर, बंद खिडकीच्या खोलीत, वेल्डिंगची टॉर्च पेटवून जुना पाइप उघडणे धोक्याचे आहे. फ्रीजच्या माहितीच्या लेबलवर गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. मेकॅनिक ठरवण्याआधी ते वाचावे, आणि आर-६००ए असेल तर त्याला सरळ विचारावे की हे काम तो कसे करतो. चांगला माणूस आधी गळती शोधतो, फिल्टर बदलतो, व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ चालवतो आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. आयसोब्युटेनच्या फ्रीजमध्ये थंड बाजूचा दाब पुष्कळदा बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे त्या बाजूच्या छिद्रातून हवा आणि ओलावा आत ओढला जातो. व्हॅक्यूम न करता भरलेला गॅस म्हणूनच टिकत नाही.

आता मेकॅनिक की कंपनी? वॉरंटी चालू असेल तर हा प्रश्नच नाही: कंपनीला कळवावे आणि तोवर एक स्क्रूही फिरवू नये, कारण बाहेरच्या हाताने उघडलेल्या यंत्रावर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मात्र कार्ड नीट वाचावे. अनेक कंपन्यांची दहा वर्षांची हमी फक्त कॉम्प्रेसरच्या सुट्या भागापुरती असते. गॅस, मजुरी आणि वाहतूक ग्राहकाच्या माथी येते. वॉरंटी संपल्यावर तुलना खरी सुरू होते. नाक्यावरचा ओळखीचा मेकॅनिक बहुधा त्याच दिवशी येतो, रिले किंवा हीटर तेवढाच बदलतो, बोर्डवरचा एखादा भाग बदलून बोर्ड वाचवण्याची त्याची तयारी असते, आणि त्याचे दुकान तिथेच असल्यामुळे त्याला नाव राखावे लागते. कंपनीचा माणूस अख्खा बोर्ड बदलतो, भेटीचे पैसे वेगळे लावतो, पण भाग मूळचा मिळतो, पावती मिळते आणि तक्रारीची नोंद राहते. इन्व्हर्टर फ्रीजच्या बोर्डासाठी मी कंपनीकडे जाईन. साध्या फ्रीजच्या हीटर, टायमर, पंख्यासाठी ओळखीच्या मेकॅनिककडे. गॅसच्या कामासाठी ज्याच्याकडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे त्याच्याकडे, मग तो कोणीही असो. काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर कामाचे नाव व कामाची हमी लिहून घ्यावी. बिल हातात असले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारीला बळ येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या राइट टू रिपेअर पोर्टलवर, नोंदणी केलेल्या कंपन्यांची सर्व्हिस आणि सुट्या भागांबाबतची माहितीही एकत्र पाहता येते.

भाड्याच्या घरात फ्रीज मालकाचा असेल, तर उघडण्याआधी त्याला लेखी कळवावे. व्हॉट्सॲपचा मेसेजही पुरे.

नवा घेण्याचा निर्णय मी दोन प्रसंगी योग्य मानतो. पहिला, गळती फ्रीजच्या भिंतीतल्या फोमच्या आड गेलेल्या पाइपमध्ये असेल तेव्हा. तिथपर्यंत पोचायला फ्रीजचा पत्रा फाडावा लागतो आणि ते काम सहसा टिकत नाही. दुसरा, यंत्र दहा-बारा वर्षांचे असून कॉम्प्रेसरच गेला असेल तेव्हा. येथे विजेचा हिशेब मांडावा. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दुकानातल्या फ्रीजचा आकडा जुन्याशी ताडून, फरकाला आपल्या बिलावरच्या वरच्या स्लॅबच्या दराने गुणावे, मग बिल बेस्टचे असो, अदानीचे, टाटाचे की महावितरणचे. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे तारे आजच्या ताऱ्यांशी तोलू नयेत, युनिटच तोलावेत. वर्षाची बचत दुरुस्तीच्या खर्चाच्या जवळपास गेली तर नव्याला अर्थ आहे. केवळ रिले, हीटर किंवा रबरासाठी चांगला फ्रीज काढून टाकणे हे मला पैशाचे आणि वस्तूचेही नुकसान वाटते. ऑर्डर देण्याआधी जिन्याचे वळण आणि दाराची चौकट मोजून घ्यावी. जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये न मावलेला फ्रीज खालीच अडकून राहतो.

जुना फ्रीज भंगारात देताना पाइप कापून गॅस हवेत सोडू देऊ नये. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि फ्रीज त्यांच्या यादीत येतो, म्हणून नवा विकणाऱ्याकडेच जुना परत घेण्याविषयी विचारावे किंवा अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे तो द्यावा. तो उचलला जाईपर्यंत सोसायटीच्या जिन्यात किंवा गॅलरीत ठेवावा लागणार असेल, तर त्याचे दार काढून ठेवावे किंवा दोरीने घट्ट बांधावे, म्हणजे खेळता खेळता कोणतेही मूल आत जाऊन अडकणार नाही.