मॉन्ट्रियल तर ठरलं, पुढे ओटावा की क्वेबेक सिटी?

टोरंटो-मिसिसागाकडच्या मराठी घरांत मे उजाडला की कोणाचे ना कोणाचे आई-बाबा येऊन उतरतात. नायगारा आणि सीएन टॉवर पहिल्या दोन शनिवार-रविवारांत उरकतात. मग ‘एकदा इथल्या रेल्वेने जाऊ या’ असा विषय निघतो. मॉन्ट्रियलवर सहसा सगळ्यांचं एकमत असतं. वाद होतो तो त्याला जोडून दुसरं कोणतं गाव घ्यायचं यावर. एकजण म्हणतो राजधानी बघायलाच हवी. दुसरा फोनवर क्वेबेक सिटीतल्या शातो फ्रोंतनाक या किल्ल्यासारख्या हॉटेलचा फोटो पुढे करतो, आणि त्या फोटोपुढे ओटावाची बाजू तिथेच लंगडी पडते.

मी घरच्यांना घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो आहे. फोटोंच्या स्पर्धेत क्वेबेक सिटी जिंकते, हे आधीच मान्य करतो. पण सत्तरीतली माणसं बरोबर असतील तर मी दुसरीकडे का झुकतो, ते सांगायचंय.

आधी नकाशा. मॉन्ट्रियलहून ओटावा रेल्वेने 187 किलोमीटर, म्हणजे साधारण दोन तास. क्वेबेक सिटी 272, म्हणजे सव्वातीन तास किंवा थोडे जास्त. हा तासाभराचा फरक मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. खरा फरक असा, की ओटावा वाटेवर आहे आणि क्वेबेक सिटी वाटेच्या शेवटी. टोरंटोहून साडेचार तासांत ओटावा, दोन रात्री तिथे, मग दोन तासांत मॉन्ट्रियल आणि तिथून पाच-साडेपाच तासांत घरी, असा त्रिकोण पुरा होतो. ब्रॉकव्हिलपर्यंत रूळ जाता-येता तेच, पण तेवढं चालतं. क्वेबेकला मात्र ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने मॉन्ट्रियलला परत यायचं, आणि त्यानंतर टोरंटोचा लांबचा प्रवास उरतोच. आठवडाभराची सुट्टी असेल तर हे बिघडत नाही. चार दिवसांच्या लाँग वीकएंडमध्ये मात्र जाणवतं.

रुळांचाही मुद्दा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. व्हिया रेल या इथल्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाड्या बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या, म्हणजे मालगाडीवाल्या कंपन्यांच्या, रुळांवरून धावतात. दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी समोरून आली तर कोणाला थांबावं लागणार, हे वेगळं सांगायला नको. ओटावा-मॉन्ट्रियल मार्गाचा मोठा भाग, ओटावापासून मॉन्ट्रियलच्या अलीकडच्या कोतोपर्यंतचा, व्हियाच्या स्वतःच्या मालकीचा आहे. क्वेबेकचा मार्ग जवळजवळ सगळाच मालगाडीवाल्यांचा. त्यामुळे क्वेबेकहून परतताना त्याच संध्याकाळचं विमान किंवा पुढची गाडी धरायचा बेत करू नये, एवढंच म्हणेन. फेब्रुवारी 2025 मध्ये टोरंटो ते क्वेबेक सिटी ताशी 300 किलोमीटरच्या गाडीची घोषणा झाली आहे. ती येईल तेव्हा हा परिच्छेद खुशाल खोडून टाका.

प्रवासाची मजा म्हणाल तर क्वेबेकची गाडी सरस. मॉन्ट्रियल सोडताना ती व्हिक्टोरिया पुलावरून सेंट लॉरेन्स नदी ओलांडते आणि क्वेबेकजवळ तीच नदी पुन्हा ओलांडते, तेही कुठल्या पुलावरून! पों द क्वेबेक. 549 मीटरचा मधला गाळा, कँटिलिव्हर पुलांत आजही जगातला सर्वांत लांब. बांधताना 1907 मध्ये तो कोसळला आणि 75 कामगार गेले. 1916 मध्ये मधला भाग वर चढवताना निसटला, तेव्हा आणखी 13 गेले. अखेर 1917 मध्ये पूर्ण झाला. कॅनडात इंजिनिअर झालेल्यांच्या करंगळीत जी लोखंडी अंगठी दिसते, ती या पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असं सांगतात. ते खरं नाही, पण पूल ओलांडताना सांगायला बरं पडतं. माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी या पुलासाठी चहाचा कप खाली ठेवला, यात काय ते समजा.

ओटावाच्या वाटेवर असं काही नाही. शेतं, सपाट रान, मध्येच अलेक्झांड्रिया नावाचं स्टेशन. डुलकी काढायला उत्तम.

उतरल्यावरही पहिला डाव क्वेबेकचाच. गार द्यु पाले हे 1915 मधलं स्टेशन, तांब्याची उतरती छपरं, बुरूज, आणि बाहेर आलात की जुनं शहर समोर. ओटावाचं स्टेशन गावाच्या पूर्वेला हायवेच्या कडेला. इमारत चांगली आहे, पण बाहेर पडल्यावर दिसतं ते पार्किंग. पूर्वी असं नव्हतं. संसदेपासून हाकेच्या अंतरावर, शातो लॉरिए हॉटेलच्या अगदी समोर मोठं युनियन स्टेशन होतं. स्टेशन आणि हॉटेल दोन्ही ग्रँड ट्रंक रेल्वेने 1912 मध्ये उभी केली. कंपनीचे प्रमुख चार्ल्स हेज हॉटेलच्या उद्घाटनासाठी इंग्लंडहून निघाले ते टायटॅनिकने, आणि पोहोचलेच नाहीत. 1966 मध्ये गावातले रूळच उखडले, स्टेशन बाहेर हलवलं, आणि जिथून गाड्या येत होत्या तिथे आता कालव्याकाठचा रस्ता आहे. बाबा हे ऐकून बराच वेळ हळहळत होते. पण व्यवहारात बघाल तर नव्या स्टेशनला लागूनच ट्रॅम्ब्ले हे एलआरटीचं, म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेचं, स्टेशन आहे. तिथून चौथा थांबा रिडो, आणि रिडोहून सगळं चालत. चाकांच्या बॅगा घेऊनही फारसं अवघड नाही.

इथपर्यंतचा हिशेब केला तर क्वेबेक थोडी पुढेच आहे. माझं मत फिरलं ते तिथल्या चढामुळे.

क्वेबेकचं जुनं शहर दोन मजली आहे. वरचं गाव कड्यावर, तटबंदीच्या आत, आणि खालचं गाव नदीकाठी. स्टेशन खाली. बहुतेकांना राहायला आवडतं ते वर. शातो फ्रोंतनाक आणि त्याच्यापुढची लाकडी फळ्यांची लांबलचक द्युफ्रँ टेरेस वर. 1608 मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने जिथे वस्ती केली ती प्लास रॉयाल खाली, आणि प्ती शाँप्लेनची ती चित्रातली गल्लीही खाली. लेव्हीला जाणारी फेरी खाली, आणि शहर नदीतून जितकं सुंदर दिसतं तितकं कुठूनच दिसत नाही, त्यामुळे ती चुकवून चालत नाही. सिताडेल हा किल्ला आणि प्लेन्स ऑफ अब्राहम हे जुनं रणमैदान टेरेसच्याही वर. टेरेसवरून कड्याच्या कडेने तिकडे जाणारी जी सुरेख वाट आहे, तिला तीनशेच्या वर पायऱ्या.

धडधाकट माणसाला ही सगळी गंमतच वाटेल. दमछाक होते हा माझा मुद्दाही नाही, टॅक्सी मिळते. टेरेसवरून खाली जायला 1879 पासूनचं फ्युनिक्युलर, म्हणजे कड्यावरून रुळांवर वर-खाली करणारा डबा, आहे, पैसे टाकले की मिनिटा-दोन मिनिटांत खाली. त्रास वेगळाच होतो. दिवसाचा प्रत्येक बेत त्या चढाशी येऊन अडतो. जेवायला खाली जायचं का? गेलो तर दुपारची गोळी वर राहिली आहे. फेरी आत्ता करायची की उद्या? आत्ता गेलो तर परत वर यायचं, आणि रांग असेल तर? फ्युनिक्युलर खाली सोडतं खरं, पण पुढे फरसबंदीचे दगड आहेतच, आणि गुडघा दुखणाऱ्याला पायऱ्यांइतकेच ते सतावतात.

आईने पहिल्या दिवशी सगळं केलं. दुसऱ्या दिवशी ती टेरेसवरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “जेजुरी चढले तेव्हा वर खंडोबा होता. इथे खाली काय आहे, दुकानंच ना? तुम्ही जाऊन या.” आम्ही गेलो. पोरं पुढे, बाबा मध्ये, मी सारखा घड्याळ बघत. तिला वर एकटीला बसवून खाली आइस्क्रीम खाण्यात काही राम नव्हता. नंतर बाबा तिच्याजवळ थांबले आणि आम्ही सिताडेलला गेलो. म्हणजे गाव सगळ्यांनी पाहिलं, पण एकत्र फार थोडं. आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी आणायचं आणि सहलीत आळीपाळीने सांभाळत बसायचं, हे मला खटकलं ते आजतागायत.

ओटावात हे झालं नाही. संसदेच्या टेकडीला हिल म्हणतात, पण रस्त्यावरून आत शिरताना चढ जाणवतही नाही. तिथून शातो लॉरिए, बायवर्ड मार्केट आणि नॅशनल गॅलरी सगळं जवळजवळ एका सपाटीवर, मध्ये बसायला भरपूर जागा. वास्तुकार मोशे सफदींची ती काचेची गॅलरी आणि बाहेरचा शिल्पकार लुईझ बुर्ज्वाचा अवाढव्य कोळी बघून आईने “हे कशाला?” एवढंच विचारलं, पण अंडी घेतलेली कोळीण आहे म्हटल्यावर परत एकदा वळून पाहिलं.

सगळ्यांत रमलो ते रिडो कालव्याच्या आठ दरवाजांपाशी. 1832 मध्ये पुरा झालेला हा कालवा, 202 किलोमीटरचा, किंग्स्टनपर्यंत जाणारा. संसद आणि शातो लॉरिए यांच्या मधल्या घळीत तो आठ टप्प्यांनी ओटावा नदीला उतरतो. उन्हाळ्यात तिथली माणसं हाताने चाक फिरवून दरवाजे उघडतात. एक होडी खाली जायला दीड तास सहज. तुम्हाला वरून बघता येतं, खाली उतरायची सक्ती नाही. बाबांनी प्रत्येक टप्प्याला पाणी किती उतरलं याचा अंदाज बांधला, आईने शेंगदाण्याची चिक्की काढली, पोरं गवतावर. सगळे एकाच ठिकाणी, एकाच गोष्टीकडे बघत.

आणि बाबांच्या जुन्या स्टेशनचंही समाधान झालं. त्या इमारतीत 2019 पासून कॅनडाचं सेनेट भरतं, कारण संसदेची मुख्य इमारत, पीस टॉवरसकट, दुरुस्तीसाठी बंद आहे आणि अजून बरीच वर्षं बंद राहणार. राजधानीला जाऊन मुख्य इमारत आतून न दिसणं हा ओटावाचा मोठा उणेपणा, तो लपवत नाही. पण त्या बदल्यात सेनेटची फुकट सहल मिळते आणि जुन्या स्टेशनच्या भव्य प्रतीक्षालयात उभं राहता येतं. याच इमारतीच्या स्वयंपाकघरात नोव्हेंबर 1981 मध्ये रात्री राज्यघटनेचा समझोता ठरला, क्वेबेक प्रांताला बाजूला ठेवून. दोन्ही गावं बघणाराला ही गोष्ट माहीत असलेली बरी. सहलीची जागा आधी ऑनलाइन राखून ठेवा, तशीच वेस्ट ब्लॉकमधल्या कनिष्ठ सभागृहाचीही.

खाण्याचं थोडक्यात. ओटावात डोसा, थाळी सहज मिळते. क्वेबेकच्या जुन्या शहरात शाकाहारी माणसाला विचारून खावं लागतं. पुतिन म्हणजे तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि रस्सा; तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो आणि वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असू शकतं. चातुर्मास पाळणारं कोणी असेल तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. भाषेची काळजी मात्र करू नका, ‘बोंझूर’ने सुरुवात केली की पुढचं सगळं सुरळीत होतं.

मेमध्ये जाणार असाल तर ओटावाला ट्युलिप असतात. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या राजघराण्याला इथे आसरा मिळाला, 1943 मध्ये त्यांची राजकन्या इथेच जन्मली, त्याची परतफेड म्हणून अजून दरवर्षी कंद येतात. थंडीचा विचार असेल तर क्वेबेकचा फेब्रुवारीतला कार्निव्हल मोठा, पण बर्फ पडल्यावर तो चढ आठवा. ओटावाच्या गोठलेल्या कालव्यावरच्या स्केटिंगचा भरवसा नाही, 2023 च्या हिवाळ्यात तो उघडलाच नव्हता.

बरोबर वयस्कर कोणी नसेल, नवराबायकोच असाल, तर मी क्वेबेकच म्हणेन, आणि दोन रात्री राहा म्हणेन. मोंमोरेन्सीचा धबधबा 83 मीटरचा, उंचीने नायगाराच्या वर, तोही जोडून होतो. आई-बाबांसकट तिथेच जायचं ठरलं असेल तर एक क्रम सुचवतो. स्टेशनवरून थेट टॅक्सीने वर जा. टेरेस, तटबंदी आणि वरचं सगळं आधी. खालचं गाव आणि फेरी शेवटच्या दिवशी, परतीच्या गाडीआधी, कारण स्टेशन खालीच आहे आणि पुन्हा वर चढायचं राहत नाही. बॅगा कुठे ठेवता येतील ते तेवढं आधी विचारून ठेवा. यंदा मावशी-काका येतायत, त्यांचंही गुडघ्याचं आहेच. मी ओटावाच्या गाडीतल्या चौकोनी टेबलाच्या चार जागा बघून ठेवल्या आहेत.