तापणारा छोटा पीसी दुरुस्तीला दिला आणि आतला प्रोसेसरच बदलून आला

वेंगुर्ल्यात घरी बसून लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिट करायचं काम मी गेली सात वर्षं करते. यंदा एप्रिलात माझी फसवणूक झाली आणि ती मला कळली चतुर्थीला, म्हणजे चार-साडेचार महिन्यांनी. किनारपट्टीवर उन्हाळ्यात ज्यांचे छोटे पीसी तापून बंद पडतात, त्यांनी मशीन दुकानात नेण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं मशीन म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसांतून निघणारा, जाड पुस्तकाएवढा डेस्कटॉप. २०२३ मध्ये मुंबईहून रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, घेतला, १७,५०० रुपयांना. बिलावर स्वच्छ लिहिलंय: इंटेल कोअर आय-फाइव्ह ८५००टी, ८ जीबीच्या दोन रॅम, ५१२ जीबी एसएसडी. हा सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग असलेला, ३५ वॅटचा प्रोसेसर आहे. नावातला 'टी' म्हणजे कमी वीज खाणारा, अशा लहान डब्यांत चालेल असा. दोन वर्षं त्याने कुरकुर केली नाही.

मार्चअखेरीस पंखा घोंघावायला लागला. एप्रिलात व्हिडिओ एक्सपोर्टला, म्हणजे एडिट झाल्यावर अंतिम फाइल बनवायला, लावला की दहा-बारा मिनिटांत मशीन फट्कन बंद. कोअर टेम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. काही काम नसताना ६२ अंश, आणि एक्सपोर्ट सुरू केल्यावर मिनिटभरात १००. या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंशांची आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, तरीही ताप उतरला नाही तर मशीन बंद करून स्वतःला वाचवतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा फक्त आकडा दिसत होता आणि तीन लग्नांची कामं डोक्यावर होती.

ओळखीतल्या एकाने दुकान सांगितलं, एसटीने तासाभरावर. मशीन पिशवीत घालून मांडीवर घेऊन गेले. दुकानदाराने चालू केलं, पाच मिनिटं पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "वहिनी, प्रोसेसर भाजलो हा तुमचो. रिपेर करूक लागतलो. परवा येवा."

इथेच मी उठून यायला हवं होतं. एक तर प्रोसेसर दुरुस्त होत नसतो, तो बदलावा लागतो. दुसरं, प्रोसेसर खरंच मेला असता तर मशीन सुरूच झालं नसतं. माझं मशीन त्याच्या समोर, त्याच्याच टेबलावर चालू होतं. मी एवढंच म्हटलं की फॉरमॅट करू नका, लग्नांचे फोटो आहेत. ते त्याने ऐकलं, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

दोन दिवसांनी ६,५०० रुपये दिले. बिल म्हणून वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी मिळाली: 'प्रोसेसर रिपेअर, सर्व्हिस'. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. तो रोख मागत होता, पण एवढे पैसे जवळ नव्हते म्हणून यूपीआयने दिले.

घरी आल्यावर पंखा शांत होता, तापमान ८५च्या आसपास. मला बरं वाटलं. पण जो एक्सपोर्ट पूर्वी चाळीस मिनिटांत व्हायचा त्याला तास उलटून जायला लागला. फोन केला तर म्हणाला, भाजलेला प्रोसेसर पूर्वीसारखा पळत नाही. मी ते खरं मानलं. अख्खा मे महिना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून कामं पुरी केली.

चतुर्थीला माझा भाचा पुण्याहून आला. आरती आटोपल्यावर मशीनजवळ बसला, टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनमध्ये काय आहे आणि काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला आणि म्हणाला, "आत्या, हा आय-थ्री आहे." मी मुंबईचं बिल काढून त्याच्यापुढे ठेवलं. स्क्रीनवर कोअर आय-थ्री ८१००टी, म्हणजे माझ्या आय-फाइव्हपेक्षा खालचा, चार कोअरचा. रॅम ८ जीबी, दोनपैकी एकच खाच भरलेली. दोन्ही प्रोसेसर त्याच बोर्डावर बसतात, दोन्ही ३५ वॅटचे, म्हणून बाहेरून कसलाच फरक कळत नाही.

मग त्याने डबा उघडला. मागचा एक स्क्रू काढून झाकण सरकवलं की पंखा समोर येतो. पंखा आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये लाल धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. आमच्या समोर दोन वर्षं घर बांधणं चाललंय, चिरे कापण्याच्या यंत्राचा आवाज दिवसभर. ती जांभ्याची धूळ आणि इथली दमट हवा, दोन्ही मिळून पात्यांवर लेप चढतो. त्यात मी मशीन काचेच्या शोकेसमध्ये ठेवत होते. या डब्यांत हवा पुढून आत जाते आणि मागून बाहेर पडते. शोकेसमध्ये तीच तापलेली हवा फिरून आत जायची. दुकानदाराने पंख्याला वरवर फुंकर मारली असेल, पात्यांच्या आतला थर तसाच होता. प्रोसेसरवर पांढरी पेस्ट मात्र लोण्यासारखी थापली होती, कडेने बाहेर आलेली.

ही थर्मल पेस्ट प्रोसेसर आणि त्यावरचा धातू यांच्यातल्या बारीक फटी भरते. फटीत हवा राहिली तर उष्णता पुढे जात नाही. पेस्ट काही वर्षांत सुकते, आणि जास्त थापल्याने फायदा काहीच नाही. भाच्याने औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून जुनी पेस्ट पुसली, नवी तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी लावली. रंगाच्या नव्या कोऱ्या ब्रशने पात्या मोकळ्या केल्या. धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवला, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. पाऊण तास लागला आणि पेस्टची नळी धरून साडेचारशे रुपये. मशीन शोकेसमधून काढून उघड्या टेबलावर ठेवलं. तोच एक्सपोर्ट लावला तर तापमान ७३ अंशांच्या वर गेलं नाही. म्हणजे एप्रिलातही एवढंच करायचं होतं. माझ्या प्रोसेसरला काही झालेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेलो. तो म्हणाला, "आमच्याकडे इलो तेव्हा असोच होतो." मुंबईचं बिल दाखवलं तर म्हणे मुंबईवाल्याने फसवलं असेल.

घरी येऊन भाच्याने विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. मशीन दर वेळी सुरू होताना सिस्टिम लॉगमध्ये प्रोसेसरची नोंद होते. कर्नल-प्रोसेसर-पॉवर, क्रमांक ५५, प्रत्येक कोअरची एक. मी दुकानात मशीन दिलं त्या दिवसापर्यंत प्रत्येक वेळी सहा नोंदी. मशीन दुकानात असतानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून चार. तारीख, वेळ, सगळं तिथेच. फॉरमॅट झालं असतं तर हे पुसलं गेलं असतं. म्हणून फोटोंचा बॅकअप असला तरी दुकानदाराला फॉरमॅट करू देऊ नका. मशीन देण्याआधी टास्क मॅनेजरमधलं प्रोसेसरचं नाव आणि रॅमच्या खाचा यांचा फोटो मोबाइलवर काढा, आणि तो दुकानदाराच्या देखत काढा. उघडून साफ करायचंच असेल तर समोर बसून करून घ्या. 'ठेवून जा' म्हणाला तर मशीन परत घेऊन या.

नोंदी दाखवल्यावर त्याचा सूर बदलला. तीन हजार देतो, विषय मिटवा, म्हणाला. मी घेतले नाहीत. मला माझा प्रोसेसर आणि माझी रॅम हवी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करून तक्रार नोंदवली. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नसल्याने यूपीआयच्या पावतीवरचं नाव दिलं.

आता ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मुंबईचं बिल, वहीचं ते पान, यूपीआयची पावती आणि सहा-चारच्या त्या नोंदींची प्रिंट एका फाइलमध्ये लावून ठेवली आहे. तुळशीच्या लग्नानंतरची दोन कामं मात्र नाकारावी लागली, कारण चार कोअरवर ती वेळेत होणार नाहीत.