तेरा कप्प्यांची फाइल: 22 महिन्यांच्या वापरानंतर

घरातली बिलं आणि वॉरंटी कार्डं ठेवायला कुणाला अ‍ॅकॉर्डियन फाइल हवी असेल तर ही उत्तम आहे, बिनधास्त घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. मी ती घेतली भारतातून मूल दत्तक घेण्याचे कागद ठेवायला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही अमेरिकन नागरिक, हातात ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते). या कामासाठी घेणार असाल तर थोडं थांबा.

पहिला दोष पहिल्याच आठवड्यात कळला. फाइल लेटर साइजची आहे. इथला कागद 11 इंच उंच, आपला ए-4 त्याहून सुमारे 0.7 इंच जास्त. इथले कागद शहाण्यासारखे आत बसतात आणि भारतातून आलेला प्रत्येक कागद वर डोकं काढून उभा राहतो. झाकण लावलं की त्याचे कान मुडपतात. स्टँपपेपर तर घडी घातल्याशिवाय जातच नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी लीगल साइजची घ्या.

घडीवरून आठवलं. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचं, दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. ते झालेल्या कागदाची पिन स्कॅनसाठीसुद्धा काढायची नाही. काढली की कागद शंकास्पद ठरू शकतो आणि पुन्हा सगळी यात्रा: नोटरी, ट्रेंटन (न्यू जर्सीची राजधानी), पोस्ट. गुन्हा नसल्याचा एफबीआयचा दाखला केंद्राचा, त्याचं अपॉस्टिल राज्यात होत नाही, ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडूनच घ्यावं लागतं. लग्नाचा दाखला भारतातला, म्हणून त्यावर आधी महाराष्ट्राची मोहोर आणि मग दिल्लीचं अपॉस्टिल. पिन लावलेले असे जाड गठ्ठे कप्प्यात नीट बसतात, तळ अजून फाटलेला नाही. इथे पूर्ण मार्क.

सगळ्यात फुगलेला कप्पा तिसरा, माझ्या नावाचा. पदवीवर माझं नाव, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. लग्नाच्या दाखल्यावर मधे नवऱ्याचं नाव. इथल्या पासपोर्टवर मधलं नाव गायबच. आपल्याकडे हे कुणाला खटकत नाही. होम स्टडी (दत्तक घेणाऱ्यांची आणि त्यांच्या घराची पाहणी आणि तिचा अहवाल) करणाऱ्या बाई मात्र, स्वभावाने फार चांगल्या, अर्धा तास माझ्याकडे बघत होत्या की या तीन बायका कोण. शेवटी तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. तुमचं लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर हे काम पहिल्याच दिवशी उरका.

आता खरी गोष्ट. कप्प्यांवर लावायला सोबत चिकटपट्ट्या येतात. मी त्यांवर 'आर्थिक', 'वैद्यकीय', 'पोलीस' असं सुंदर अक्षरात लिहिलं, आणि तिथेच चुकले. या कामात प्रत्येक कागदाला एक्सपायरी असते, दुधाच्या पिशवीसारखी. परदेशातलं मूल दत्तक घ्यायला अमेरिकन सरकारची मंजुरी मागायचा आय-800ए अर्ज भरताना होम स्टडी सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. मंजुरी मिळाली की ती 15 महिने. बोटांचे ठसेही 15 महिने. तिकडे भारताच्या 'कारा'च्या (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्रीय संस्था) नियमांत होम स्टडी तीन वर्षं धरतात. म्हणजे तिकडच्या रांगेत आमचा नंबर शाबूत असताना इकडचे कागद नासायला लागतात. आमची मंजुरी रांगेतच संपत आली, मग सप्लिमेंट 3 (मुदत वाढवायचा जोडअर्ज), नवे ठसे, होम स्टडीची सुधारित प्रत. त्या रात्री मी सगळ्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या आणि कप्प्यांवर महिने लिहिले. पुढचा कप्पा म्हणजे आधी संपणारा कागद. आता दर महिन्याच्या एक तारखेला फक्त पहिला कप्पा उघडते. (पट्ट्यांचा गोंद निघत नाही, खोबरेल तेल चोळा.)

सासूबाई साताऱ्याहून विचारतात, "अगं, अजून काय राहिलंय?" त्यांना सांगते, आई, आपल्याकडून काहीच राहिलेलं नाही. हे त्यांना पटत नाही. खरं तर मलाही पटत नाही, म्हणून मी फाइल पुन्हा लावत बसते. नोंदणीच्या वेळी आमच्या वयाची बेरीज 88 होती. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा 90, त्यामुळे त्या गटात आहोत.

बारावा कप्पा रिकामा ठेवलाय. नंबर आला की दोन मुलांची माहिती दिसते आणि एकाला राखून ठेवायला 96 तास मिळतात. त्यानंतर 30 दिवसांत त्या मुलाच्या माहितीच्या अहवालावर (चाइल्ड स्टडी रिपोर्ट) आणि वैद्यकीय अहवालावर सह्या करून होकार द्यायचा. दूरच्या मुलाचे असे अहवाल वाचून देणारे बालरोगतज्ज्ञ इथे असतात, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. 96 तासांत फोन शोधत बसू नका. आमच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर त्या कप्प्यात आहे, एवढंच. तेरावा मूल घरी आल्यानंतरच्या अहवालांसाठी. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, म्हणजे एकूण सहा.

पाचपैकी साडेतीन तारे. एक साइजसाठी कापला, अर्धा इलॅस्टिकसाठी. ते सतराव्या महिन्यात तुटलं. नवऱ्याने माझ्या परकराची नाडी ओवून दिली, ती मात्र अजून घट्ट आहे.