कामठी छावणीतली जुनी कबर शोधताना: फॅमिलीसर्च, फिबिस आणि पैसे घेणारं फाइंडमायपास्ट

नागपूर, सीताबर्डी किंवा कामठीत पुरलेल्या पूर्वजाची कबर शोधायची असेल, तर आधी फॅमिलीसर्च आणि फिबिस या इंटरनेटवरच्या फुकटच्या दोन सेवा पुरत्या पिळून घ्याव्यात. फाइंडमायपास्टला पैसे भरायचे ते शेवटी, आणि तेही एका महिन्यापुरते. इथली मराठी ख्रिस्ती घराणी, जुनी रेल्वेची कुटुंबं आणि 'आमचे खापरपणजोबा तुमच्या गावात गेले' म्हणत परदेशातून येणाऱ्यांना मदत करणारी मंडळी, अशा सगळ्यांच्या सोयीने हे लिहिलं आहे.

नागपूरच्या बाबतीत निम्म्या गोंधळाचं मूळ एकच. आपण शोधतो मध्यप्रांतात आणि नोंद पडलेली असते मद्रासला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी बसली, १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. कामठीतली फौज बराच काळ मद्रास लष्कराची होती. छावणीचा पाद्री दफनाची नोंद आपल्या रजिस्टरात करायचा, तिची नक्कल मद्रासला जायची आणि तिथून लंडनला. आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत त्या या नकला. त्यांच्या खुणा लक्षात ठेवा: एन/१ म्हणजे बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. मद्रासच्या नोंदी १६९८ पासून आहेत, मुंबईच्या १७०९ पासून, बंगालच्या १७१३ पासून. कामठीसाठी पहिला हात एन/२ वर टाकायचा. तिथे नाही मिळालं तर बाकी दोन, कारण पलटणी हलत राहायच्या आणि पुढे कारभाराच्या वाटाही बदलल्या.

फॅमिलीसर्च ही अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची सेवा. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. 'इंडिया, डेथ्स अँड बरिअल्स, १७१९-१९४८' हा संग्रह निवडून त्याच्या आतच शोधा, सगळ्या जगात नाव टाकू नका. स्थळाच्या रकान्यात 'कामठी, नागपूर, महाराष्ट्र' असं आजचं नाव निवडलं की जुन्या नोंदी गळू शकतात, कारण त्यांच्यावर 'कामठी, मद्रास, इंडिया' अशा धर्तीचा पत्ता असतो. म्हणून तिथे नुसतं 'इंडिया' टाका, आडनाव लिहा, पहिलं नाव रिकामं ठेवा आणि मृत्यूच्या वर्षाला मागेपुढे दोन-दोन वर्षांची सूट द्या. आलेली यादी डोळ्यांनी चाळा.

अडचण स्पेलिंगची. कामठी कधी 'के'ने सुरू होते, कधी 'सी'ने. शेवटी कधी दोन 'ई', कधी एक 'आय', कधी मधे 'पी'चा पत्ताच नाही. सीताबर्डीचे तर विचारूच नका. आडनावात शंकेच्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, कितीही अक्षरांच्या जागी तारका. जुन्या हस्ताक्षरात मोठा 'एल' आणि 'एस', 'टी' आणि 'एफ', 'आय' आणि 'जे' एकमेकांसारखे दिसतात. सूची करणाऱ्याने एकाचा दुसरा केलेला असू शकतो, तेव्हा पहिल्या अक्षराच्या जागीही प्रश्नचिन्ह टाकून एक फेरी मारावीच.

सूचीत तारीख दफनाची आहे की मृत्यूची, हे नीट पाहा. उन्हामुळे दफन त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी व्हायचं, म्हणून फरक थोडा असतो, पण मूळ पान शोधताना तोच नडतो. बायको शोधायची असेल तर नवऱ्याच्या आडनावाने शोधा. बाप्तिस्मा न झालेलं तान्हं मूल मात्र बहुधा मिळणार नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रथेत त्याच्यावर दफनविधीच होत नसे, मग रजिस्टरात ओळ कुठून येणार? एकाच तारखेला एकाच पलटणीची नावं ओळीने दिसली तर पटकीची साथ आली होती असं धरून चाला. अशा दिवसांत स्वतंत्र थडगं मिळण्याची आशा कमीच.

रोमन कॅथलिक घराण्यांसाठी फॅमिलीसर्च दुय्यम. त्यांची खरी रजिस्टरं चर्चमध्ये असतात आणि लॅटिनमध्ये लिहिलेली असतात, तिथे जेम्सचा याकोबुस होतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबांनीही मिशनच्या मंडळीचं रजिस्टर आधी पाहावं. छावणीच्या नकलांमध्ये भर मुख्यतः युरोपीय आणि युरेशियन (युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या) लोकांवर होता.

फिबिस ही ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांवर काम करणारी संस्था. सभासद न होताही तिचा डेटाबेस शोधता येतो. स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी असल्यामुळे वाचन बहुधा काळजीचं असतं, आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे नोंद कुठून घेतली तो संदर्भ, खंड आणि पान दिलेलं असतं. थडग्यांवरचे लेख, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता, पलटणींच्या याद्या असंही बरंच सापडतं. पण ही सगळी निवडक कामं आहेत. इथे नाव नाही म्हणजे माणूस इथे मेला नाही, असा निष्कर्ष काढू नका. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची सरकारी यादी १९३२ मध्ये छापली गेली होती. त्या काळी वाचता येणारे दगड तिच्यात आले. आज कोरा दिसणारा दगड तेव्हा वाचला गेला असेल, तर त्याचा मजकूर तिथेच मिळेल. जुन्या ग्रंथालयांत विचारा.

फाइंडमायपास्ट पैसे घेतं आणि त्याबदल्यात मूळ पानाची प्रतिमा दाखवतं. सूचीत नसलेल्या गोष्टी पानावर असतात: हुद्दा, पलटण, बऱ्याचदा मृत्यूचं कारण, विधी केलेल्या पाद्रीची सही. त्या सहीवरून चर्च ठरतं आणि चर्चवरून दफनभूमी, म्हणून प्रतिमेला किंमत आहे. पण वर्षाची वर्गणी भरू नका. फॅमिलीसर्च आणि फिबिसवरून नाव, वर्ष, खंड, पान अशी यादी तयार करा, एका महिन्याचे पैसे भरा, सगळी पानं उतरवून घ्या आणि आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या वेबसाइटवर फोटोची विनंती टाकता येते, पण जवळ स्वयंसेवक असला तरच ती पुरी होते. ते नशिबाचं काम.

महायुद्धातला सैनिक असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचा शोध फुकट आहे आणि झकास चालतो. त्यांच्या तारखा ठरलेल्या आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या बाहेरचा कोणी तिथे मिळणार नाही. आणि पहिल्या महायुद्धातलं नाव खडकीच्या स्मारकावर निघालं म्हणून पुण्याचं तिकीट काढू नका. देशभरातल्या ज्या कबरी नीट राखणं शक्य राहिलं नाही, त्यांतल्या अठराशेहून अधिक जणांची नावं त्या स्मारकावर कोरलेली आहेत. माणूस जिथे पुरला तिथेच आहे.

आता या सगळ्या सेवांची समान मर्यादा: दफनाची ओळ गाव सांगते, जागा सांगत नाही. रांग नाही, क्रमांक नाही. एक दफनभूमी भरली की दुसरी उघडायची, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक भाग वेगळे, त्यामुळे नोंदीतलं वर्ष आणि पंथ हेच तुमचे दोन धागे. गावाचं नावही तपासून घ्या. नागपुरी इर्रेग्युलर फौजेची टाकळी म्हणजे आजची पोलीस लाइन टाकळी. ती छावणी शहराच्या पोटात गेली. हिंगणा रोडकडची टाकळी सीम वेगळी, आणि १८६३ मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप जिथे नाल्याच्या पुरात बुडाले ते टाकळघाट आणखी वेगळं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकाची ५५ ओ/४ ही नकाशाची शीट नागपूर आणि कामठी दोन्ही दाखवते. पन्नास हजारांच्या प्रमाणात शंभर मीटर म्हणजे नकाशावर दोन मिलिमीटर, तेव्हा नकाशाने परिसर ठरतो, कबर नाही.

प्रत्यक्ष पाहणी जानेवारी ते मार्च या काळात करा. पावसाळ्यानंतर गाजरगवत आणि घाणेरी छातीपर्यंत येते, आत घोणस असते. मे महिन्यात तर दगडाला हात लावता येत नाही. पायात जाड बूट, हातात काठी, आणि झाडोरा कापायचा तर राखणदाराला विचारूनच. अक्षरं वाचायला सकाळचं किंवा उतरतं तिरपं ऊन लागतं. ते नसेल तर आरशाने बाजूने उजेड टाका. स्प्रेच्या बाटलीतलं साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. खडू, पीठ, तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात नको. कामठीचा वाळूखडक असेल तर पापुद्रे सुटतात, आणि घासलं की अक्षरंच पापुद्र्याबरोबर येतात. विटा-चुन्याच्या थडग्यावर नुसता चौकोनी खड्डा दिसला तर तिथली संगमरवरी पाटी कोणी काढून नेली असं समजा. संगमरवर शिल्लक असेल पण अक्षरं नसतील, तर निराश होऊ नका. शिशाची अक्षरं बसवताना पाडलेली बारीक भोकं राहतात, त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. तिरप्या उजेडात चार-पाच फोटो काढा आणि घरी मोठे करून पाहा. साध्या शिपायाच्या कबरीला मात्र बहुतेक वेळा दगडच नसायचा, लाकडी क्रूस असायचा. तो कधीचाच गेला.

कामठीत लष्कराचा वावर आहे. कॅमेरा काढण्याआधी कॅन्टोन्मेंट बोर्डाला लेखी अर्ज द्या, सोबत नोंदीच्या पानाची प्रत आणि नातं सांगणारा कागद जोडा. सीताबर्डी किल्ल्यात १८१७ च्या लढाईतल्या कबरी आहेत, पण किल्ला सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच उघडतो. त्यातल्या त्यात २६ जानेवारी बरा: गवत सुकलेलं असतं आणि ऊन सोसतं. रांग मोठी लागते, ओळखपत्र खिशात ठेवा आणि सकाळी लवकर पोहोचा.