घरासाठी लिव्हर एस्प्रेसो मशीन: रोबोट, फ्लेअर ५८ की पावोनी?

आमच्याकडे सकाळी तीन कप कॉफी लागते. मला आणि बायकोला काळी, आईला भरपूर दुधाची. लिव्हर मशीन, म्हणजे हातानं दांडी दाबून एस्प्रेसो काढायचं यंत्र, निवडताना माझं सगळं गणित या तीन कपांवर बसलं. आता कुणी सल्ला मागितला की मीही आधी हेच विचारतो: लागोपाठ किती कप काढणार, आणि दुधाचे त्यातले किती?

दांडीचं काम सगळीकडे एकच. दट्ट्या दाबून साधारण नऊ बार दाबानं गरम पाणी कॉफीतून काढायचं. मिलानच्या आकिले गाज्जियानं १९३८ मध्ये पहिलं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर दांडी-दट्ट्याचं मशीन बाजारात आणलं. कपावर दिसणारी ती तपकिरी साय, म्हणजे क्रेमा, तेव्हापासूनची. फरक पडतो तो पाणी कुठे तापतं यानं.

ला पावोनीच्या युरोपिक्कोलात ते मशीनमध्येच तापतं. १९६१ पासून बनणारं हे मशीन दिसायला इतकं देखणं आहे की ओट्यावर ठेवल्यावर नजर हटत नाही. ०.८ लिटरचा बॉयलर, दहाएक मिनिटांत तयार, आणि दूध फेसाळायला खरी वाफ. दांडी वर उचलली की पाणी कॉफीवर येतं, काही सेकंद ती भिजू द्यायची, मग सावकाश दाबायचं. पहिला कप अप्रतिम येतो, दुसराही. तिसऱ्याला मात्र अडचण होते. कॉफीचं डोकं, म्हणजे जिथे कॉफी बसवतात तो भाग, थेट बॉयलरला जोडलेलं असल्यामुळे ते तापतच राहतं आणि कॉफी करपट, कडू लागते. मग ओलं फडकं गुंडाळून डोकं थंड करायचं किंवा मशीन बंद करून थांबायचं. पाणी संपलं तरी झाकण लगेच उघडता येत नाही. आधी बटण बंद, मग सगळी वाफ सोडायची, मगच पाणी. १.६ लिटरचं प्रोफेशनल मॉडेल घेतलं तर पाणी जास्त वेळ पुरतं आणि दाबाचा काटा मिळतो, पण डोकं तापण्याचा प्रश्न तोच राहतो.

आणि एक सावधगिरी. बॉयलरच्या अशाच एका मशीनवर मी घाईत दाब उतरायच्या आधी पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायची मुठीची वाटी, फिरवला होता. गरम चोथा टाइल्सवर, शर्टावर, मनगटावर. घरात लहान मूल ओट्यापर्यंत हात पोचवत असेल तर या मशीनचा विचार मी दोन वर्षं पुढे ढकलायला सांगेन.

कॅफेलॅट रोबोटला वायरच नाही. किटलीत पाणी उकळा, बास्केटमध्ये, म्हणजे बारीक भोकांच्या वाटीत, दळलेली कॉफी दाबून बसवा, वर जाळीची चकती ठेवा आणि पाणी थेट बास्केटमध्ये ओता. मशीनचे दोन्ही हात खाली दाबले की दट्ट्या त्याच बास्केटमध्ये उतरतो. मी १८ ग्रॅम कॉफी घेतो आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम काढतो. पहिले थेंब काळेभोर, मग मधासारखी एक धार. तळव्यांना कळतं की दळण बारीक झालंय की जाड. हे कळणं मला फार मोलाचं वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी ग्राइंडर कुठे फिरवायचा ते त्यावरूनच ठरतं. शेवटी चोथ्याची वडी सुटते, बास्केट नळाखाली धरलं की काम झालं. वीज गेली तरी गॅसवर पाणी तापतंच.

चिकमगळूर किंवा कुर्गच्या मध्यम ते गडद भाजलेल्या बियांना हे उकळतं पाणी पुरेसं होतं. हलकं भाजलेल्या बिया आवडत असतील तर फ्लेअर ५८ उजवं. त्याचं डोकं विजेवर आधीच तापवून ठेवता येतं, तापमानाच्या तीन पातळ्या मिळतात, त्यामुळे ओतलेलं पाणी थंड धातूला लागून गार होत नाही. दाबाचा काटा आहे, आणि ५८ मिलिमीटरचा नेहमीचा आकार असल्यामुळे टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा), बास्केट सहज मिळतात. पाणी मात्र इथेही किटलीतूनच.

वाफ या दोन्हींत नाही. आईच्या कपासाठी मी दूध पातेल्यात तापवतो, बोट जेमतेम सोसेल इतकं, आणि फ्रेंच प्रेसमध्ये दांडा वीसेक वेळा वरखाली करतो. फेस छान येतो, पण कॅफेतल्या दुधाइतका मऊ, चकचकीत नसतो. रोज चार कॅपुचिनो करायच्या असतील तर हे कंटाळवाणं होईल. मग पावोनीच घ्या, आणि दोन महिने शिकण्यात जातील हे धरून चला.

माझं मत विचाराल तर एक-दोन जणांच्या, बहुतेक काळी कॉफी पिणाऱ्या घरात रोबोट. उरलेले पैसे ग्राइंडरमध्ये घाला. मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीवर कुठलीच दांडी दाब धरत नाही, पाणी नुसतं निसटून जातं. हाताचा चांगला ग्राइंडर चालतो, फक्त एस्प्रेसोसाठी बारीक टप्प्यांनी फिरणारा हवा.

जुनं पावोनी मिळत असेल तर खालच्या पत्र्याला गंज आहे का ते पाहा. दट्ट्याचे रबर वॉशर बदलावेच लागतात. ते मागवायच्या आधी मशीन कोणत्या काळातलं आहे ते तपासा, कारण साधारण २००० च्या आधीच्या बास्केटचा व्यास ४९ मिलिमीटर आणि नंतरच्यांचा ५१. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी बॉयलरमध्ये घालू नका, आतून पांढरा थर धरतो. आणि अमेरिकेहून येणारा भाचा मशीन आणतो म्हणाला, तर खालची पाटी आधी फोटोत मागवा. ११०-१२० व्होल्टचं कॉइल आपल्या २३० वर जळून जातं.