कॉस्च्युमचं खरं औषध: बादलीभर साधं पाणी

पोहायच्या कपड्यांसाठी हल्ली खास लिक्विड, क्लोरीन घालवणारे स्प्रे, 'स्विमवेअर शाम्पू' असं बरंच काही ऑनलाइन मिळतं. बाटली लहान, किंमत मोठी. हे घ्यावं का? आमचं मत आधीच सांगतो: ते पैसे कापडावर घाला. धुण्यासाठी घरातलं सौम्य लिक्विड पुरतं, आणि तेही पाण्यानंतर.

हिशेब करून बघा. नीट राखलेल्या तलावात मुक्त क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम असतो. बाहेर आल्यावर निथळलेला कॉस्च्युम दीडशे मिलिलिटर पाणी धरून आहे असं समजू. म्हणजे सगळ्यात कडक तलावातूनही तुम्ही अर्धा मिलिग्रॅमच्या आतच क्लोरीन घरी आणता. एवढ्यासाठी बाटली कशाला? नळाखाली दोन मिनिटं धरून, पाणी बदलत तीन-चारदा दाबून काढलं की त्यातला बहुतेक सगळा जातो. मात्र हे तलावावरच्या शॉवरखाली, दहा-पंधरा मिनिटांच्या आत व्हायला हवं. ओला कॉस्च्युम प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, स्कूटरच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवला तर तेवढाच क्लोरीन उष्णतेत निवांतपणे आपलं काम करतो. नंतर कितीही भारी लिक्विड वापरा, झालेली झीज भरून येत नाही.

झीज होते ती नेमकी कशाची? बाजारातला नेहमीचा कॉस्च्युम 80 टक्के नायलॉन आणि 20 टक्के स्पॅन्डेक्सच्या आसपास असतो. लेबलवर स्पॅन्डेक्स, एलास्टेन, लायक्रा यांपैकी काहीही लिहिलेलं असो, वस्तू एकच: पॉलियुरेथेनचा ताणणारा धागा. ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो 1958 मध्ये तयार केला. क्लोरीन या धाग्याची साखळी हळूहळू तोडतो. नायलॉन शाबूत राहतं, आतला रबरासारखा धागा मरतो, आणि कापड बाहेरून बरं दिसत असतानाच ढिलं पडतं. नायलॉनलाही थोडा क्लोरीन चिकटून राहतो, म्हणून खळबळून धुतलेल्या कापडालाही कधी कधी तलावाचा वास येतो.

मेलेला कॉस्च्युम ओळखायला सोपा. बसायच्या जागेचं कापड दोन्ही हातांत धरून उजेडासमोर ताणा. पृष्ठभागावर बारीक पांढरी कुसं उभी राहिलेली दिसली, ताण सोडल्यावर कापड जागेवर यायला आळस करत असेल आणि आरपार उजेड दिसत असेल तर धागा गेला. मांडीजवळचं इलॅस्टिक ताणताना करकर आवाज आला तर तेही वाळलेलं आहे. बदलून घेता येतं, पण कापड गेलं असेल तर त्या शिलाईला अर्थ नाही.

म्हणून खरा निर्णय दुकानात होतो. रोज पोहणाऱ्यांनी पॉलिएस्टर आणि पीबीटी यांच्या मिश्रणाचं कापड बघावं. पीबीटी हाही पॉलिएस्टरच्याच घराण्यातला, पण त्याच्या धाग्यात अंगचीच थोडी स्प्रिंग असते, त्यामुळे स्पॅन्डेक्सशिवाय कापड ताणतं आणि क्लोरीनला खायला फारसं काही उरत नाही. स्पीडोची 'एन्ड्युरन्स' मालिका याच जातीची. दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो: नायलॉन हवेतला ओलावा वजनाच्या चार टक्क्यांपर्यंत धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के, त्यामुळे हे कापड पंख्याखाली लवकर वाळतं. तोटे आहेतच. हाताला जरा कडक लागतं, लायक्रासारखं अंगाला घट्ट बिलगत नाही, ताण कमी देतं. त्यामुळे 'पाण्यात सैल होईल' म्हणून एक साइझ लहान घ्यायची नायलॉन-लायक्राची सवय इथे चालत नाही. खांद्याला काचतं. मापाचाच घ्या.

उन्हाळी शिबिराच्या पोरांसाठी मात्र पीबीटीवर पैसे घालू नका. कापड झिजण्याआधी पोर वाढतं. आणि वाढत्या अंगाचा म्हणून दोन साइझ मोठा घेतला तर त्यात पाणी भरतं, आणि आधीच दमलेलं पोर ते ओझं ओढत बसतं. बाजारात लेबलवर टक्केवारी न लिहिता नुसतं 'फोर वे लायक्रा' छापलेले कॉस्च्युम मिळतात. शिबिरापुरते ते ठीक, वर्षभरासाठी नाही.

आता धुण्याच्या वस्तू, आमच्या पसंतीच्या क्रमाने.

गोदरेज इझी किंवा जेंटील यांच्यासारखं लोकरी-रेशमी कपड्यांचं लिक्विड: पूर्ण गुण. तीन लिटर गार पाण्याला एक लहान चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर. त्याहून जास्त नको, फेस निघता निघत नाही आणि राहिलेला साबण कातडीला खाज आणतो. पाच मिनिटं बुडवून मुठीत दाबत राहायचं, चोळायचं नाही. मग दोन पाण्यांतून काढायचं. रोज पोहत असाल तर हे आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, बाकी दिवशी साधं पाणी. डोक्याला खोबरेल चोपडून पाण्यात उतरत असाल किंवा सनस्क्रीन लावत असाल तर मात्र रोज लिक्विड लागेल, कारण खांद्याच्या पट्ट्यांत तेल मुरतं आणि नुसत्या पाण्याने ते हलत नाही.

कपडे धुण्याची नेहमीची पावडर: अर्ध्याहून कमी गुण. बहुतेक पावडरींत सोडा असतो, काहींत ब्लीचही. गरम पाण्याबरोबर तर नकोच. वडी लावून ब्रशने घासणं हा दुसरा अपराध. विणीतले धागे तुटतात आणि गोळे येतात. तेच गोळे तलावाच्या खरबरीत काठावर किंवा शहाबादी फरशीवर सरकत बसल्यानेही येतात. टॉवेल अंथरा, एवढाच उपाय.

फॅब्रिक कंडिशनर: शून्य. कापडाला मऊपणाचा थर देतो आणि तोच थर विणीत अडकून राहतो. पोहायच्या कपड्याला त्याचा काही उपयोग नाही.

व्हिनेगर आणि खायचा सोडा: इंटरनेटची लाडकी जोडी. क्लोरीन घालवायला दोन्ही निकामी. बोअरचं जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा अर्ध्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर क्षार सोडवतं, तेवढं त्याचं श्रेय.

क्लोरीन खरोखर मारतात ते दोन पदार्थ, आणि दोन्ही स्वस्त. एक, मत्स्यपेटीच्या दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट. फोटोग्राफीतलं जुनं 'हायपो' तेच. लिटरभर पाण्यात साखरेच्या दाण्याएवढे चार-पाच खडे विरघळवा आणि दहा मिनिटं बुडवा. दुसरं, साधी व्हिटॅमिन सी पावडर: एक मिलिग्रॅम क्लोरीनला ती अडीच मिलिग्रॅम लागते, म्हणजे चिमूटही जास्तच. ती आंबट असल्याने पाच मिनिटांवर ठेवू नका आणि नंतर खळबळून घ्या. चघळायच्या केशरी गोळ्या वापरू नका, त्यांत साखर आणि रंग असतो. महागड्या शाम्पूंच्या लेबलावर घटक दिले असतील तर वाचा. त्यांत यांच्याच जातीचं काही नसेल तर 'क्लोरीन घालवतो' या दाव्यात नुसता सुवास आहे. आम्ही हा उपाय आठवड्यातून एकदा, वास राहिला तरच सुचवतो.

वाळवण्यात सगळ्यात जास्त कॉस्च्युम बिघडतात. पिळू नका. कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुडघ्याने दाबा, बरंचसं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग सावलीत, दोरीवर मधोमध दुमडून. पट्ट्यांना चिमटे लावून लटकवला तर ओल्या कापडाचं सगळं वजन खांद्यावर येतं आणि पट्ट्या लांब होतात. गच्चीवरचं कडक ऊन आधी रंग नेतं, मग ताण. मशीनचा ड्रायर आणि इस्त्री यांचं नाव काढू नका. रोज पोहणाऱ्यांकडे दोन कॉस्च्युम हवेत: ताणलेला धागा पूर्ण जागेवर यायला वेळ लागतो, आणि ओला चढवला तर तो वेळ त्याला मिळतच नाही.

दोन किरकोळ गोष्टी. सनस्क्रीनमधलं अ‍ॅव्होबेन्झोन लोहयुक्त पाण्याशी जुळलं की पांढऱ्या-पिवळ्या कापडावर तांबूस डाग पडतो. त्यावर ब्लीच टाकलंत तर तो पक्का होतो. लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा, मग धुवा. आणि कोकणात-गोव्यात समुद्रात पोहून आल्यावर वाळू ओल्या कापडातून चोळून काढू नका. आधी मीठ गोड्या पाण्याने घालवा, कापड वाळू द्या, मग ताणून झटका. विणीत अडकलेले कण आपोआप गळतात.

पाण्यात उतरण्याआधी कॉस्च्युम शॉवरखाली पूर्ण भिजवा. गोड्या पाण्याने भरलेल्या धाग्यात तलावाचं पाणी कमी शिरतं. फुकट आहे, आणि अंगावरचा घाम धुतला गेल्याने तलावाचा तो झोंबणारा वासही कमी होतो. गरम पाण्याच्या जकुझीत नवा कॉस्च्युम नेऊ नका, उष्णतेत क्लोरीनचं काम झपाट्याने होतं.

ढिला झालेला लगेच फेकायची गरज नाही. सराव करणारे तो नव्या कॉस्च्युमवर चढवतात: पाणी जास्त ओढलं जातं, हातपाय जास्त मारावे लागतात, आणि आरपार दिसण्याचा प्रश्न आतल्या कॉस्च्युमने सुटलेला असतो.