एमटीबीवर (माउंटन बाइकवर) फोटो काढायचेत: फोन, अॅक्शन कॅमेरा, कॉम्पॅक्ट की मिररलेस?

कुठला कॅमेरा घेऊ हे विचारण्याआधी स्वतःला एकच विचारा, राइडमध्ये तुम्ही थांबणार आहात का? म्हणजे खरंच थांबणार, मस्त लय लागलेली असताना, मागून अजून दोघं येत असताना, ब्रेक दाबून पाय टेकवून. सगळे म्हणतात हो हो थांबू की, आणि मग कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत कपड्यांखाली झोपून घरी परत येतो. माझ्या मते या सगळ्या तुलनेत सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप), मेगापिक्सेल वगैरे दुसऱ्या नंबरवर येतं, पहिल्या नंबरवर येतं ते म्हणजे थांबल्यापासून क्लिक होईपर्यंत किती सेकंद जातात. दहा सेकंदांच्या आत असेल तर तुम्ही काढाल, अर्धा मिनिट लागत असेल तर दुसऱ्या चढानंतर सोडून द्याल. सपाटीवर थांबणं सोपं असतं हो, पण खडबडीत चढावर एकदा पाय टेकला की परत पेडल मारून सुरू करणं म्हणजे वैताग, त्यामुळेच चढाचे फोटो कुणाकडेच नसतात, सगळ्यांकडे असतात ते माथ्यावर सायकल आडवी टाकून काढलेले.

आता जे म्हणतात की आम्ही थांबणारच नाही, चालवता चालवताच काढू. रुंद कच्च्या रस्त्यावर, हळू, समोर मोकळं असताना ठीक आहे. सिंगलट्रॅकवर (एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेवर) नाही म्हणजे नाही. आणि रुंद रस्त्यावर काढतानाही आधी ब्रेक कुठला कुठे आहे ते बघा. कॅमेऱ्याचं बटण असतं उजव्या हाताला, म्हणजे हँडलवर उरतो डावा हात. अमेरिकेत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी डावीकडे पुढचा ब्रेक असतो, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानमध्ये डावीकडे मागचा. एका हाताने फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला तर वजन पुढे येतं, हँडल वळतं आणि तुम्ही कॅमेऱ्यासकट जमिनीवर. मागचा दाबला गेला तर फार फार तर चाक घसरेल. तुमचा पुढचा डावीकडे असेल तर चालत्या सायकलवर कॅमेरा हातात घ्यायचा विषय बंद, अंगावर लावलेला कॅमेरा तरी बघा नाहीतर थांबा.

तर आता एकेक प्रसंग घेऊन चौघांना शेजारी शेजारी उभं करतो, कारण नुसती स्पेक्सची यादी वाचून काही कळत नाही.

पहिला प्रसंग, आणि सगळ्यात अवघड: दाट झाडीतलं वळण, उजेड कमी, तुमचा मित्र ताशी २० किलोमीटरने तुमच्या समोरून आडवा जातोय. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/१००० सेकंद असेल तर तेवढ्या वेळात तो साडेपाच मिलिमीटर सरकतो, फोटो कडक येतो. शटर १/१०० झालं तर साडेपाच सेंटिमीटर सरकतो आणि चेहरा पुसल्यासारखा दिसतो. फोनचं इथे काय होतं, तर सावलीत तो स्वतःच्या डोक्याने शटर हळू करतो, शिवाय तीन-चार फ्रेम एकावर एक रचून एचडीआर (उजेड-सावली दोन्ही सांभाळणारा फोटो) बनवतो, त्यामुळे कधीकधी चाकाच्या काड्या दोनदा दिसतात नाहीतर कोपराला भुताटकी. फोनवर मॅन्युअल मोड असलेलं कॅमेरा अॅप टाकलं तर शटर हातात येतं, पण छोट्या सेन्सरमुळे मग दाणे दिसतात. अॅक्शन कॅमेऱ्याची अडचण वेगळीच, त्याची लेन्स इतकी रुंद असते (साधारण १६ एमएम, आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद) की पाच मीटरवरचा माणूस फ्रेमच्या उंचीच्या जेमतेम चौथा हिस्सा भरतो, दहा मीटरवर असेल तर मुंगी. कॉम्पॅक्ट (लेन्स न निघणारा, खिशात मावणारा छोटा कॅमेरा) इथे सुखात. सोनीच्या आरएक्स१०० सारख्या एक इंची सेन्सरवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साध्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट असतो, रिको जीआर थ्री या कॉम्पॅक्टमधला एपीएस-सी आकाराचा सेन्सर त्याच्याही तिप्पट. मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) अर्थातच सगळ्यात पुढे, ऑटोफोकस येणाऱ्या रायडरला धरून ठेवतो आणि सेकंदाला दहा-बारा फ्रेम आरामात मिळतात.

पण एक सांगतो, फोनवाल्यांनी लगेच निराश व्हायचं कारण नाही. रायडर आडवा जाताना काढण्याऐवजी समोरून येताना काढा, मग तेवढंच शटर पुरतं कारण फ्रेममध्ये तो बाजूला कमी सरकतो. वळणाच्या आतल्या बाजूला बसा, फोन गुडघ्याच्या उंचीवर धरा, बर्स्ट (एका दमात भराभर अनेक फोटो) लावा. नाहीतर सरळ उलटं करा, शटर १/६० करून रायडरबरोबर फोन फिरवत न्या, मागची झाडं ओढल्यासारखी रेषा होतात आणि माणूस बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. दहातला एखादा जमतो, पण तो एक जमला की बाकीचे नऊ विसरायला होतं. फक्त उडीच्या लँडिंगवर किंवा आंधळ्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला बसू नका, रायडर चुकला की तिथेच येतो.

दुसरा प्रसंग, तुम्ही स्वतः चालवताय आणि आपल्या नजरेतून दिसणारी वाट हवी आहे. इथे अॅक्शन कॅमेऱ्याला तोड नाही, बाकी तिघं शर्यतीतच नाहीत. लोकांचा घोळ होतो तो कॅमेरा लावायचा कुठे यात. हेल्मेटवर लावला की नजर जाते तिकडे कॅमेरा जातो, पण उंचावरून आणि रुंद लेन्समधून बघितल्यामुळे भला मोठा उतार सपाट मैदानासारखा दिसतो, बघणारा म्हणतो यात घाबरायचं काय होतं. छातीवर लावला की हँडल, हात, पुढचं चाक फ्रेममध्ये येतं, हात कसे हादरतायत ते दिसतं आणि उतार निदान उतारासारखा वाटतो. तोटा असा की चढावर तुम्ही वाकता आणि कॅमेरा स्वतःच्या स्टेमचं (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचं) शूटिंग करत बसतो, म्हणून लावताना सायकलवर रायडिंग पोझिशनमध्ये बसून कोन सेट करा, उभं राहून नाही. हँडलबारवर लावणं मला आवडत नाही, सगळी थरथर थेट येते आणि चाक वळलं की जग वळतं. हेल्मेटवर लावायचा असेल तर हेल्मेटच्या पुस्तिकेत चालतं का ते बघा, डोक्यावर दीडशे ग्रॅमचं टणक शिंग आहे हे झाडाची खालची फांदी आली की कळतं.

अॅक्शन कॅमेऱ्यातून फोटो म्हणजे खरं तर व्हिडिओतली फ्रेम उचलायची. फोरके व्हिडिओची एक फ्रेम साधारण ८.३ मेगापिक्सेलची असते, स्क्रीनसाठी भरपूर आणि छोट्या प्रिंटलाही चालते. गोप्रो हिरो ११ ब्लॅक (२०२२) पासून ५.३के मधून २४.७ मेगापिक्सेलची फ्रेम निघते असं कंपनी सांगते, आणि निघतेही, पण मेगापिक्सेलने हललेला फोटो स्थिर होत नाही ना. व्हिडिओ स्थिर दिसतो तो स्टॅबिलायझेशनमुळे, म्हणून लोकांना वाटतं फ्रेमही कडक असेल. ऑटोवर सावलीत प्रत्येक फ्रेम थोडी पुसट असते, चालू व्हिडिओत डोळ्याला कळत नाही, थांबवून बघितलं की कळतं. फ्रेम उचलायचीच असेल तर शटर हाताने १/४८० किंवा १/९६० ला बांधा आणि आयएसओची (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील त्या आकड्याची) वरची मर्यादा थोडी वाढवा. व्हिडिओ मग जरा टोचरा, अडखळत चालल्यासारखा दिसतो. म्हणजे एका राइडमध्ये छान व्हिडिओ पाहिजे की छान फोटो ते आधीच ठरवायला लागतं, दोन्ही एका सेटिंगमध्ये मिळत नाही.

तिसरा प्रसंग, चिखल पाऊस धूळ पडापडी. इथे अॅक्शन कॅमेरा (गोप्रो २०१६ च्या हिरो ५ पासून केसशिवाय १० मीटर पाण्यात चालतो) आणि टफ प्रकारातले कॉम्पॅक्ट, म्हणजे ऑलिंपस टीजी-६ आणि त्याचा २०२३ चा पुढचा भाऊ टीजी-७. हे १५ मीटर पाण्यात जातात, दोन मीटरवरून पडायची चाचणी दिलेली असते, झूमही आतल्या आत होतो त्यामुळे लेन्स बाहेर येऊन वाळू खात नाही. पण सेन्सर छोटाच, झाडीत फोनपेक्षा काही भारी देत नाही, कधीकधी फोनच बरा. याउलट जीआर थ्री. चित्र बघाल तर प्रेमात पडाल, बॅटरी-कार्डसकट २५७ ग्रॅम, खिशात जातो, पण सील केलेला नाही आणि बाहेर येणारी लेन्स धूळ आत ओढते, बॅटरीही एका चार्जला दोनशेच्या आसपास फोटो देते, म्हणजे जादाची जवळ ठेवायलाच लागते. आरएक्स१०० लाही सील नाही. साधी झिपवाली प्लास्टिक पिशवी आणि खिशातला कोरडा फडका, एवढ्यावर हे कॅमेरे तगवणारे लोक आहेत, पण सतत पावसात चालवणार असाल तर उगाच जीव टांगणीला लावू नका, टफ घ्या.

फोनचं पण इथेच सांगतो. घामाने ओली बोटं आणि ओला स्क्रीन असला की टच चालत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने क्लिक करायची सवय लावा, ग्लोव्ह काढायला लागत नाही. आणि फोन हँडलबारवर माउंट करून रॉक गार्डन (दगडधोंड्यांनी भरलेला भाग) उतरणाऱ्यांसाठी, ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय की मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनांची जोराची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडवू शकते. सायकलचं नाव त्यात नाहीये, पण लेन्स आत तरंगती ठेवलेली असते हे कळल्यावर मी तरी फोन हँडलवरून काढून खिशात टाकला.

खिसा. खरी लढाई इथेच आहे. जर्सीच्या मागच्या खिशातून फोन काढून, अनलॉक करून, क्लिक करून परत ठेवायचा, हे एका पायावर सायकल तोलत होऊन जातं. कॉम्पॅक्टसाठी हायड्रेशन पॅकच्या (पाण्याची पिशवी असलेल्या पाठीवरच्या बॅगेच्या) खांद्याच्या पट्ट्यावर छोटी पाउच लावा, झिपला जाडसर दोरीचा फास बांधा म्हणजे ग्लोव्ह घालूनही बोटात येतो: फास ओढला, मनगटात पट्टा, पॉवर, क्लिक. जीआरमध्ये स्नॅप फोकस म्हणून प्रकार आहे, अंतर आधीच २.५ मीटर वगैरे ठरवून ठेवायचं आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं, फोकस शोधत बसत नाही. चालत्या गमतीला याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही, माझं मत विचाराल तर कॅमेरा घ्यायचाच असेल तर एकट्याने फिरणाऱ्यासाठी हाच. झूम हवा असेल तर मात्र आरएक्स१०० सेव्हन (२०१९), २४ ते २०० एमएम आणि सेकंदाला २० फ्रेम, वजन ३०२ ग्रॅम, बटणं मात्र ग्लोव्ह घातलेल्या बोटांसाठी फारच बारीक.

मिररलेस घेऊन जाणाऱ्यांचे तीन पंथ. पाठीवरच्या बॅगेतवाले, यांचा कॅमेरा सगळ्यात सुरक्षित आणि फोटो सगळ्यात कमी, कारण प्रत्येक वेळी बॅग उतरवा. शिवाय पाठीवर आपटलात तर मणक्यावर काय येणार याचा विचार करा, कॅमेरा कडेला आणि मध्ये जॅकेट असं भरा. दुसरे खांद्याच्या पट्ट्यावर क्लिप लावणारे, चालायला जाणाऱ्यांना ही क्लिप आवडते, सायकलवर खड्ड्यागणिक अर्धा किलो छातीवर आपटतो आणि पुढे पडलात तर बरगडी आणि लेन्स दोघांचं भांडण. तिसरे हिप पॅकवाले, यांच्याशी मी सहमत. कमरेला घट्ट बांधायचा, वजन खाली राहतं, थांबलं की पोटाकडे फिरवायचा, उघडायचा. लहान बॉडी आणि एक बारीक प्राइम (झूम नसलेली) लेन्स, सगळं मिळून पाच-सातशे ग्रॅमच्या आत ठेवा. ट्रेलवर लेन्स बदलायची नाही, धूळ सरळ सेन्सरवर बसते. एकच लेन्स न्यायची तर ३५ ते ५० एमएमच्या मधली. जवळून वाटही येते आणि आठ-दहा मीटरवरचा रायडरही फ्रेममध्ये बऱ्यापैकी मोठा दिसतो.

तेव्हा एकटे फिरता, माथ्यावरचे देखावे आणि स्वतःची सायकल यांचेच फोटो काढता, आणि फोन गेल्या तीन-चार वर्षांतला आहे, तर काहीच घेऊ नका, खरंच. फोन दगडाला टेकवा, टायमर लावा, त्या पैशात टायर घ्या. झाडीत फिरत असाल आणि घरी येऊन फोनचे फोटो मोठे करून बघताना चिडचिड होत असेल तर कॉम्पॅक्ट. ग्रुपमध्ये कुणीतरी "परत ये, अजून एकदा उतर" म्हटल्यावर खरंच परत चढून येणारा मित्र असेल तरच मिररलेस, असा मित्र नसेल तर त्या ऑटोफोकसचं करायचं काय. आणि अॅक्शन कॅमेरा व्हिडिओ एडिट करायची हौस असणाऱ्यांनी घ्यावा, नाहीतर कार्ड तासन् तासांच्या रेकॉर्डिंगने भरतं आणि कुणी बघत नाही, घेणारा सुद्धा नाही.

कॉम्पॅक्ट बरेचदा जुना घेतला जातो, त्यामुळे हे तपासा: लेन्स चार-पाचदा आत-बाहेर करून आवाज ऐका, करकर आली तर वाळू आहे. मग सगळ्यात छोट्या अॅपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, काळपट ठिपके दिसले तर धूळ आत सेन्सरवर बसलीये. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे साफ करायचं म्हणजे सर्व्हिस सेंटरला पूर्ण खोलायला द्यायचं, तो खर्च वजा करूनच भाव बोला.